बांधाआतली धावपट्टी

पनवेल बहुतेकांनी पाहिलेलं असतं ते एसटीच्या खिडकीतून. गणपतीला निघालेला चाकरमानी असो, मुंबईहून अलिबागला जाणारं बिऱ्हाड असो की गोव्याची गाडी असो, पनवेल आलं की कंडक्टर पुकारा करतो, "गाडी दहा मिनिटं थांबेल." माणसं उतरतात, पाय मोकळे करतात, कुणी चहा घेतं, कुणी पोरासाठी वेफर्सचं पाकीट. दहा मिनिटांनी पनवेल मागे पडतं. आम्हा पनवेलकरांना याचं फारसं वाईट वाटत नाही. येणाऱ्याजाणाऱ्याची ही दहा मिनिटं हाच आमच्या गावचा वडिलोपार्जित धंदा आहे.

धंदा जुना आहे. माथेरानच्या डोंगरातून निघालेली गाढी नदी पनवेलशी येऊन खाडीला मिळते. भरतीच्या पाण्यावर मुंबईचे मचवे आणि पडाव थेट गावापर्यंत यायचे. घाटावर जायचं तर मुंबईकराची वाट हीच: होडीने पनवेल, इथे मुक्काम, मग बैलगाडी, पालखी नाहीतर तट्टू, आणि पुढे बोरघाट. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि पनवेलची पेठ भरभराटीला आली. देशावरचा शेतकरी धान्य घेऊन खाली यायचा आणि जाताना पनवेलच्या सुतारांनी घडवलेली गाडीच्या चाकांची जोडी घेऊन घाट चढायचा. इंग्रजांच्या गॅझेटिअरांनी या चाकांची मुद्दाम नोंद घेतलेली आहे. दुसऱ्याच्या प्रवासाला लागणारी वस्तू विकायची आणि आपण जागेवर राहायचं, हा पनवेलचा स्वभाव तेव्हापासूनचा.

१८५२ साली गावाला नगरपालिका मिळाली. महाराष्ट्रातल्या अगदी जुन्या नगरपालिकांत तिची गणना होते. गंमत अशी, की पुढच्याच वर्षी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली. तीन वर्षांत ती कल्याण-कर्जतच्या बाजूने खोपोलीला पोचली आणि १८६३ साली घाट चढून गेली. घाटावर जाणाऱ्याला आता होडीत बसायचं कारण उरलं नाही. ज्या वाहतुकीच्या जिवावर नगरपालिका उभी राहिली ती अकरा वर्षांत दुसऱ्या वाटेने निघून गेली. पनवेलला रेल्वेचा रूळ दिसायला पुढे शंभर वर्षं जावी लागली. मोटारींनी मात्र गाव पुन्हा जागं केलं. पुण्याचा रस्ता इथून, गोव्याचा फाटा इथून, म्हणजे थांबा आलाच. मग २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. तो कळंबोलीपासून सुरू होतो आणि गावाला बगल देऊन जातो. पुण्याला जाणाऱ्या गाड्या पनवेलच्या कडेने सुसाट निघाल्या.

या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत एक नेम दिसतो. पनवेल जगतं ते प्रवाशाला वाहन बदलावं लागतं म्हणून. वाट सलग झाली की पनवेलचं दुकान बसतं. आणि विमान तर वाटेत कुठेच थांबत नाही.

तरीही विमानतळाची वाट आम्ही पाहिली, आणि किती पाहिली! मुंबईला दुसरा विमानतळ हवा ही चर्चा नव्वदच्या दशकात सुरू झाली. सांताक्रूझच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच धड वापरता येते. चहूबाजूंनी वस्ती इतकी खेटलेली की हातपाय पसरायला जागा नाही. आधी रेवस-मांडव्याचा विचार झाला. मग बोट पनवेल आणि उलव्याच्या मधल्या खाजणावर येऊन थांबलं. २००७ साली केंद्र सरकारने तत्त्वतः मंजुरी दिली, २०१०च्या नोव्हेंबरात पर्यावरण खात्याची परवानगी आली, फेब्रुवारी २०१८मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. २०१९ अखेर विमान उडेल असं तेव्हा सांगत होते. ते उडालं २०२५च्या नाताळात. मधल्या सगळ्या काळात बिल्डरांच्या फलकांवर मात्र विमानतळ रोज सुरू होता: 'विमानतळापासून फक्त दहा मिनिटांवर.' नेऱ्यापासून उलव्यापर्यंत सगळंच दहा मिनिटांवर होतं.

त्या दिवसांत मी शारजाविषयी वाचत होतो. आपल्याकडे शारजा म्हटलं की एक तर क्रिकेट आठवतं, नाहीतर कोकणातल्या कुठल्याही मोहल्ल्यातून आखातात गेलेला कुणी तरी. पण त्या वाळवंटी गावाची गोष्ट पनवेलकराने ऐकावी अशी आहे. १९३२ साली ब्रिटिशांच्या इंपीरियल एअरवेजला हिंदुस्थानकडे येणाऱ्या विमानांसाठी मधला मुक्काम हवा होता. शारजाच्या शेखाने वाळूत धावपट्टी करू दिली आणि प्रवाशांसाठी किल्ल्यासारखी विश्रांतीची इमारत उभी राहिली. विमान संध्याकाळी उतरे, उतारू रात्र काढत, सकाळी पुढे जात. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या धावपट्टीवर उतरले. म्हणजे समुद्राच्या अलीकडे आणि पलीकडे एकाच सुमारास हवाई थांबे तयार झाले. पुढे विमानं लांब पल्ल्याची झाली, शारजाच्या मुक्कामाची गरज संपली, १९७७ साली गावाबाहेर नवा विमानतळ झाला. जुन्या इमारतीत आज संग्रहालय आहे, आणि जुनी धावपट्टी शहरातला एक वर्दळीचा रस्ता होऊन बसली आहे.

शारजाची गोष्ट वाचून वाटलं होतं, विमानतळाला सोयीची जागा वाळवंटच. तिथे कुणाचं काही नसतं. नंतर लक्षात आलं, की तिथेही हे खरं नसणार. वाळू कुणाच्या तरी उंटांच्या वाटेवरची असणारच. आपल्या खाजणाचं तर बोलायलाच नको. नकाशावर ते दलदल म्हणून दाखवलेलं असतं. रस्त्यावरून पाहणाऱ्याला चिखल, खारफुटी, मधूनच एखादा बगळा, आणि लांबवर काही नाही, असंच दिसतं. ओसाडच म्हणा ना.

पण ती जमीन आपोआप झालेली नव्हती. ती माणसांनी समुद्राकडून मागून घेतलेली होती. कशी, ते एकदा जवळून बघण्यासारखं होतं. ओहोटीला खाडीच्या तळातला चिकट गाळ उपसायचा आणि त्याचा बांध घालायचा, बाहेरून दगड लावायचे. बांधात ठरावीक ठिकाणी उघाडी ठेवायची. उघाडी म्हणजे पाण्याचा दरवाजा. त्याचं लाकडी झडप असं बसवलेलं, की भरतीचं पाणी बाहेरून रेटलं की ते घट्ट मिटतं, आणि ओहोटीला आतलं पावसाचं पाणी ढकलू लागलं की उघडतं. पहारेकरी नको, चावी नको. चंद्राच्या हिशेबाने दरवाजा दिवसातून दोनदा उघडतो, दोनदा बंद होतो. मग दोन-तीन पावसाळे जाऊ द्यायचे. पावसाने मातीतलं मीठ धुऊन निघालं की मोड आलेलं भात चिखलात फेकायचं. राता नावाचा तांबडा, जाड तांदूळ खारेपणा सोसतो, तो आधी. बांधाला खांड पडली आणि खारं पाणी आत शिरलं, की हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून रात्री-अपरात्री बांध फुटल्याची हाक आली की घरटी माणूस फावडं-घमेलं घेऊन निघायचा. कुणाच्या शेताशी फुटला हे विचारायचं नाही.

या बांधांचा कारभारही ठरलेला होता. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात त्याला शिलोत्री पद्धत म्हणत. बाहेरकाठाचा मोठा बांध राखणं ही शिलोत्रदाराची जबाबदारी, आणि त्या बदल्यात आतल्या शेतांच्या भातात त्याचा वाटा. पुढे १९४८ साली खार जमिनींचा कायदा झाला आणि सरकारनेही हे बांध राखणीचं काम अंगावर घेतलं. बांधाच्या पलीकडे मिठागरं, खाडीत जिताडा, बोय, कोळंबी, चिंबोऱ्या. आगरी, कोळी आणि कराडी घरांची चूल भात, मीठ आणि मासळी या तिघांवर चालायची. तिन्ही गोष्टी भरती-ओहोटीच्या मधल्या त्या पट्ट्यात पिकत होत्या, जो नकाशावर रिकामा होता.

साठीच्या दशकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली. कल्पना अभ्यासू होती. मुंबईचा कोंडमारा खरा होता. मार्च १९७०मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. शेतकऱ्याला मिळणारा भाव आणि त्या जमिनीवर उभ्या राहणाऱ्या शहराचा भाव यांतली तफावत ज्याला आधी दिसली आणि ज्याने ती मोठ्याने सांगितली तो माणूस म्हणजे दि. बा. पाटील. जासईचे, पेशाने वकील, शेतकरी कामगार पक्षाचे, पनवेलचे पाच वेळा आमदार आणि दोनदा खासदार. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला त्यांच्या नेतृत्वाखालच्या शेतकऱ्यांच्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पाच जण गेले. त्यातूनच साडेबारा टक्क्यांचं तत्त्व पुढे आलं. संपादन केलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत. विमानतळाच्या वेळी, २०१३ साली, तो आकडा साडेबावीस झाला. टक्केवारी ऐकायला कोरडी वाटते. गुंठ्यांत बोलू. एकरात गुंठे चाळीस. पहिल्या हिशेबाने एकराचे पाच गुंठे परत, दुसऱ्या हिशेबाने नऊ. हे चार गुंठे वाढायला एक पिढी गेली.

विमानतळाची जागा ११६० हेक्टर. तिथे जाण्याआधी तिथून काय काय उठलं ते मोजायला हवं. उलव्याचा डोंगर सुमारे ९० मीटर उंच होता, तो सुरुंग लावून कापला. उलवे नदीचा प्रवाह वळवला. डोक्यावरून जाणाऱ्या उच्च दाबाच्या विजेच्या तारा हलवल्या. डोंगराचा दगड फोडून त्यानेच खाजणात भराव घातला. आणि दहा वस्त्या उठल्या: चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, उलवे, गणेशपुरी, वरचे ओवळे, वाघिवली, वाघिवली वाडा, कोंबडभुजे. सुमारे तीन हजार कुटुंबं. डोंगर फुटत होता त्या काळात दुपारी भोंगा वाजे, मग जमिनीतून एक दबलेला हादरा येई. खाडीच्या बाजूच्या इमारतींतल्या लोकांना पहिले काही दिवस धसका बसला, मग त्या आवाजावर घड्याळ लावायची सवय झाली. दर काही आठवड्यांनी उलव्याच्या रस्त्याने गेलं की डोंगर थोडा बुटका झालेला असे.

त्याच रस्त्यावर एकदा एका रिक्षावाल्याशी गाठ पडली. उठलेल्या दहापैकी एका गावचा. मीटरऐवजी गप्पांवर चालणारा माणूस. भरावाकडे हात करून म्हणाला, "काका, आमचा घर व्हता ना, तिथं आता रनवे हाय."

"आणि शेत?"

"शेत पार्किंगमधी." आणि खो खो हसला. मग म्हणाला, पुष्पकनगरला भूखंड मिळाला, घर बांधलं, दोन मजली. वरचा मजला भाड्याने दिलाय, भाडेकरू विमानतळाच्या कामावरचाच आहे, बिहारचा. "गावात अशी दोन मजली घरा नव्हती," तो म्हणाला, "पन दारात खारी व्हती. सकाली जाला टाकला का दुपारचा कालवन व्हता." त्याला विचारलं, मुलगा काय करतो. तर विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या नोकरीसाठी अर्ज केला होता म्हणे. नोकरीविषयी बोलताना मात्र तो हसला नाही. भूखंडाचा कागद हातात आहे, नोकरीचा नाही, एवढंच बोलला आणि गाडी वळवली.

याच्यापेक्षा अवघड दुखणं बांधाबाहेर राहिलेल्यांचं. भरावाने विमानतळाची जमीन काही मीटरांनी उंच झाली. पाणी कुठे तरी जाणारच. डुंगी आणि पारगावच्या घरांतून पावसाळ्यात पाणी शिरू लागलं तेव्हा गावकऱ्यांनी भरावाकडे बोट दाखवलं. डुंगीचं घर-शेत मूळ दहा गावांच्या यादीत नव्हतं, म्हणजे उठायचं कारण नव्हतं, आणि राहायची सोय उरली नव्हती. शेकडो वर्षं खाजण कसणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही, की बांध आतल्याला वाचवतो तेव्हा पाणी बाहेरच्याच्या दारात सरकतं. म्हणून तर पूर्वी बांधाची उंची ही एकट्याने ठरवायची गोष्ट नव्हती.

सगळ्यात जास्त गाजला तो नावाचा प्रश्न. २०२१ साली विमानतळाला बाळासाहेब ठाकरे यांचं नाव देण्याचा प्रस्ताव आला आणि रायगड-ठाण्याचा भूमिपुत्र रस्त्यावर उतरला. १० जूनला मानवी साखळी झाली. २४ जूनला, दि. बां.च्या स्मृतिदिनी, बेलापूरच्या सिडको भवनावर माणसांचा लोंढा गेला. करोनाचे दिवस, तरी गेला. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये विधिमंडळाने दि. बा. पाटील यांच्या नावाचा ठराव केला. ८ ऑक्टोबर २०२५ला उद्घाटन झालं तेव्हा ते नाव अधिकृतपणे लागलेलं नव्हतं. बाहेरच्यांना हे सगळं भावनेचं राजकारण वाटतं. मला तसं वाटत नाही. नाव म्हणजे या माणसांसाठी सातबाऱ्यावरची नोंद आहे. जमिनीवरून नाव गेलं, निदान दारावर तरी राहू दे, एवढं सरळ मागणं आहे.

२५ डिसेंबर २०२५ला प्रवासी विमानं सुरू झाली. पुढे कामानिमित्त मीही तिथून उडालो. कमळाच्या पाकळ्यांसारखे खांब, झाहा हदीद यांच्या कचेरीने आखलेलं उंच छत, गुळगुळीत फरशी, वर्षाला दोन कोटी प्रवाशांची सोय. मनापासून सांगतो, मला ते आवडलं. दीड तास आधी घरून निघून निवांत पोचलो. एरवी सांताक्रूझला जायचं म्हणजे मानखुर्द-चेंबूरच्या कोंडीत जीव टांगणीला लागतो. रांगेत माझ्यापुढे साताऱ्याचं कुटुंब होतं, मागे नगरचे दोन विद्यार्थी. पनवेलला त्यांच्यापैकी कुणी उतरलं नव्हतं. गाडी थेट विमानतळाच्या दारात. घाटावरचा प्रवासी पुन्हा याच खाडीकाठी येऊन वाहन बदलतोय, १८३०सारखाच, फक्त त्याचा चहा आता टर्मिनलच्या आत आहे आणि त्याचा भाव पनवेलच्या स्टँडवर कुणाला सांगितला तर तो माणूस चेष्टा समजेल.

३७०० मीटरची धावपट्टी संपता संपता विमान उचललं गेलं आणि खिडकीतून खाडी दिसली. वरून पाहिलं की जमिनीची लिखावट कळते. खारफुटीचे गडद पुंजके, मधून नागमोडी चंदेरी पाणी, आणि भरावाच्या पलीकडे कुठे कुठे अजून शिल्लक असलेल्या जुन्या बांधांच्या रेघा. त्या रेघा आणि धावपट्टी यांच्यात वरून बघताना फार फरक वाटला नाही. दोन्ही माणसांनी चिखलात ओढलेल्या. एक हाताने, पिढ्यान्‌पिढ्या, ओहोटीचे तास साधून. दुसरी यंत्रांनी, काही वर्षांत, डोंगर फोडून. विमानतळ हा या जमिनीवरचा परका नाही, असं तेव्हा मला वाटलं. हा इथला सगळ्यात मोठा बांध आहे. फक्त याच्या आत भात पिकत नाही.

आणि तो बांध आहे असं मानलं की बरेच प्रश्न सोपे होतात, निदान नीट विचारता तरी येतात. शिलोत्री पद्धतीत वाटा फुकट मिळत नसे. बांध ज्याच्या हाती त्याला पिकाचा हिस्सा, पण खांड पडली तर जाब त्यालाच. आज या बांधाआत पिकणारं पीक म्हणजे उतारूंचं भाडं, दुकानांचं भाडं, भोवतीच्या जमिनींचे चढलेले भाव. ते पीक ज्यांच्या घरी जातं त्यांच्याकडे जुना कारभारही आपसूक आला पाहिजे. डुंगीच्या ओटीवर पाणी आलं तर ते कुणाचं, याचं उत्तर कचेऱ्यांच्या पत्रव्यवहारात हरवता कामा नये. खारफुटी किती तोडली याबरोबर ती किती जगली, हेही कुणी तरी दरवर्षी सांगितलं पाहिजे. रिक्षावाल्याच्या पोराच्या अर्जाला हो किंवा नाही असं उत्तर गेलं पाहिजे. दारावर कुणाचं नाव ते लागेल तेव्हा लागेल. आतल्या रस्त्यांना, फाटकांना, वाहनतळांना त्या दहा वस्त्यांची नावं द्यायला तर कुणाची हरकत नसावी. 'तरघरच्या गेटाशी ये', 'कोंबडभुज्याला गाडी लावलीय' असं माणसं फोनवर बोलू लागली, की ती गावं रोजच्या वापरात राहतील.

पनवेलचं काय होईल, ही काळजी मी आता करत नाही. बंदर गेलं तेव्हा ते जगलं, घाटाची गाडी दुसरीकडून गेली तेव्हाही जगलं. २०१६पासून तर इथे महानगरपालिका आहे, रायगड जिल्ह्यातली पहिली. दहा मिनिटं थांबणारा कुणी ना कुणी पनवेलला मिळत राहील. जपायचंय ते त्या दहा मिनिटांपेक्षा जुनं आहे: बांध घालणाऱ्याने बांधाबाहेरच्याचाही विचार करायचा, हा इथल्या चिखलातून आलेला शहाणपणा. तो कायद्याच्या पुस्तकात शोधायची गरज नाही. इथल्या म्हाताऱ्यांना तो अजून तोंडपाठ आहे, आणि विमानतळाच्या कुठल्याही बैठकीला ते बोलावल्यावर येतील.